उपसागर करंडकाचा शेवटचा सामना

“आणि एक ध्यानात ठेव, ह्यांना मैदानात खाली बसू द्यायचं न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा एक पाय रिक्षात होता, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि रिक्षावाला उगाच हॉर्न वाजवत होता. माझ्या नणंदेच्या, सुजाताच्या बाळंतपणाची तारीख जवळ आली होती म्हणून त्या कराडला निघाल्या होत्या.

“हो आई, गुडघे. कळलं,” मी म्हणाले.

“गुडघ्याचं न्हवं गं. बसले तर मग—”

“आई, जुई उन्हात उभी आहे. मी बघते सगळं, तुम्ही निश्चिंत जा.”

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. “बरं, येतो मी,” म्हणाल्या. लग्न होऊन फलटणहून कोल्हापुरात आले तेव्हा इथल्या बायकांच्या तोंडचं हे ‘येतो’, ‘जातो’ ऐकून मला हसू फुटायचं, एव्हाना कान सरावले होते. रिक्षा वळली. मी जुईला आत घेतलं आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

जुई तेव्हा चार वर्षांची होती आणि मी येता-जाता तिच्या कपाळाला हात लावायची. घरात तीन थर्मामीटर होते. “एक बिघडला तर दुसरा, आणि दुसरा खोटं बोलला तर तिसरा,” असं माझा नवरा रणधीर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सांगू दे. तिचा श्वास जरा जोरात वाजला तरी मला जाग यायची.

रणधीर शिरोलीच्या फाउंड्रीत सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. आता दिवसभर घरात आम्ही तिघंच. मी, जुई आणि आबा, म्हणजे माझे सासरे. आबांना अलीकडे विसरायला होत होतं. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. आबा त्याला ‘गळती’ म्हणायचे. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेलेला माणूस तो. “वॉशर झिजलाय, पोरी. थेंब थेंब जातंय. पण टाकीत हाय अजून पाणी, तू काळजी करू नको.”

सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात संपत काशीद घरी आला. हा आमच्या पेठेच्या तालमीचा सेक्रेटरी. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम असते, आणि ज्या तालमीत कुस्तीचा आखाडा तिचीच फुटबॉलची टीम. या टीमवरून सख्खे शेजारी महिना महिना बोलत नाहीत. तालमीची स्मरणिका निघायची होती.

“वहिनी, तुम्ही इतिहासात एम. ए. हाईसा न्हवं? मग आमच्या बसाप्पाचा इतिहास लिवा की.”

“बसाप्पा कोण?”

“घ्या! सासऱ्याचं नाव सुनेला म्हाईत न्हाई.”

आतून आबांचा आवाज आला. “संपत, तुझा बापबी मला त्याच नावानं हाक मारायचा. गोलकीपर होता का जाळं वाळत घालायला उभा केल्याला, त्ये काय मला शेवटपर्यंत कळलं न्हाई.”

संपत खळखळून हसला. “बगा, ह्ये बरं ध्यानात हाय! वहिनी, उपसागर करंडकावर लिवा. आपल्या पेठेतनं देशाकडनं खेळलेला एकच गडी. हिंदुराव ज्ञानू पोवार. पोरांना ठाव पायजे का नको?”

मी हो म्हणाले. जुई झाल्यापासून मी काहीच लिहिलं नव्हतं. आबाही आनंदात दिसत होते.

उपसागर करंडकाबद्दल धड चार ओळी कुठे मिळत नव्हत्या. वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांतून थोडं सापडलं, बाकी सगळं आबांकडून. दुपारचं जेवण झालं की ते शेंगा फोडत बसायचे, मी समोर मोबाइल ठेवायची, आणि जुई टरफलांची घरं करत शेजारी.

“आबा, ही स्पर्धा सुरू कुणी केली?”

“समुद्रानं.”

“असं कसं लिहू?”

“मग लिही, कलकत्त्याच्या एका जहाजवाल्यानं. त्याची जहाजं पाच देशांना जायची. आपण, बांगलादेश, सिलोन, ब्रह्मदेश आणि थायलंड. सगळे एकाच उपसागराच्या काठाला. तो म्हणाला, माल जातोय-येतोय, आता पोरं जाऊ द्यात. चांदीचा कप केला त्यानं, शिडाच्या होडीसारखा. आणि फायनलच्या आधी काय करायचं सांगू? प्रत्येक कॅप्टननं आपापल्या किनाऱ्याचं पाणी बाटलीतनं आणायचं आणि त्या होडीत वतायचं.”

“खारं पाणी?” जुईनं विचारलं.

“खारं तर! पाच देशांचं खारं पाणी.”

“मग चव वेगवेगळी लागायची?”

आबांनी शेंग तशीच हातात धरली. “चाखून बघायचं राहिलं की गं,” ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं.

स्पर्धा एक वर्षाआड भरायची. बहात्तर ते ऐंशी या काळात ती पाच वेळा झाली. पहिली कलकत्त्याला, मग कोलंबो, ढाका, बँकॉक आणि शेवटची रंगूनला. पहिले चार निकाल मला मिळाले. रंगूनच्या वर्षापुढे कुठे नुसती रेघ, कुठे ‘सामना अपूर्ण’. पुढं जहाजवाला वारला, जहाजं विकली गेली, खर्च कुणी करायचा यावरून पाच देशांच्या मंडळांचं फाटलं. स्पर्धा बंद केली असं कुणीच कधी जाहीर केलं नाही. पुढची भरवली नाही, एवढंच.

“आणि रंगूनला काय झालं?”

आबांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. त्या दिवशी त्यांना काही आठवावं लागत नव्हतं. भाजी आणायला गेल्यावर घरचा रस्ता चुकणारा माणूस रंगूनच्या मैदानाचा उतार कोणत्या बाजूला होता ते सांगत होता.

“फायनल. आपण आणि ब्रह्मदेश. मी बॅकला. त्यांचा पुढचा गडी होता, मौंग. सगळे त्याला मौंग मौंग म्हणून हाका मारायचे. काय उडायचा! पयल्या हाफातच एका उंच बॉलला मी बी उडालो, तो बी उडाला, आणि कपाळावर कपाळ. ह्ये बघ.” त्यांनी उजव्या भुवईवरचा वण दाखवला. भुवई तिथं कायमची दुभंगलेली होती. “त्याची डावी फुटली. डॉक्टर एकच. एकाच पट्टीचा गुंडाळा, अर्धा मला फाडला, अर्धा त्याला. दोघं शेजारी शेजारी बसलो टाके घालून घ्यायला. तो माझ्याकडं बघून हसला. मग मी बी हसलो. भाषा कुठं येत हुती एकमेकांची?”

“मग?”

“एक-एक गोल झाला हुता. आणि दुसऱ्या हाफात पाऊस आला. आपल्याकडं पडतोय त्याला पाऊस म्हणू नये असा पाऊस. घोट्यावर पाणी. रेफरीनं खेळ थांबवला, शिट्टी मारून सगळ्यांना आत बोलवलं. सगळे गेले.” आबा थांबले. “मी बसलो.”

“कुठं?”

“गोलपुढं. मांडी घालून.”

“का पण?”

“अगं, आपल्या पेठेत काय रीत हाय? मॅच थांबली, भांडणं लागली, अंधार पडला, काय बी होऊ दे. मैदान सोडायचं न्हाई. खाली बसायचं. जो आधी उठंल तो हरला. माझ्या बापानं मला बॉल मारायच्या आधी बसायला शिकवल्यालं. कोच आतनं बोंबलतोय, पोवार, गधे, अंदर आ! मी म्हटलं, न्हाई. देशाची मॅच हाय. मी उठलो तर देश हरला.”

मला हसू आलं, आणि तेही हसले.

“तेवढ्यात आतनं मौंग बाहेर आला. एकटाच. पावसात उभा, नुस्ता माझ्याकडं बघत. आणि मग गेला चालत पार पलीकडच्या गोलपाशी, आणि बसला की खाली. मांडी घालून, माझ्यासारखीच.”

“त्यांच्याकडेही तशी रीत होती?”

“कुठली आलीया! त्याला काय आपली पेठ ठाव? मी बसलो म्हणून तो बसला. एकटा दिसलो आसंन त्याला.”

जुई टरफलं सोडून त्यांच्या मांडीवर येऊन बसली होती. “मग कोण उठलं आधी?”

“कुणीच न्हाई. अंधार पडला. मग आले चार-चार जण स्ट्रेचर घेऊन, आणि मला उचललं, त्याला बी उचललं. तसंच मांडी घातल्याली. त्यानं लांबनं हात केला. मी बी केला.” आबांनी बोट वर केलं. “उचलून नेलं. उठलो न्हाई. नीट लिही हां. मी बी उठलो न्हाई आन् तो बी उठला न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सामना पुन्हा होईल असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशीही पाऊस होता. मग विमान होतं. देशाच्या टीममध्ये आबांना पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि पेठेत परतल्यावर त्यांचं नाव पडलं बसाप्पा. तालमीच्या कट्ट्यावर पोरं विचारायची, “काय बसाप्पा, उठला का न्हाई रंगूनचा?” आबा सांगायचे, “न्हाई अजून.” ते थट्टेत घेत होते असंच सगळ्यांना वाटायचं.

एक गोष्ट त्यांनी मला उठून कपाटातून काढून दाखवली. निळी जर्सी, घडी घातलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी. त्या वेळी स्पर्धा संपली की जर्सी परत करावी लागायची.

“तुम्ही केली नाहीत?”

“मॅच कुठं संपलीया?” आबा म्हणाले.

मी ते सगळं लिहून काढलं. चांगलं उतरलं होतं. रणधीरला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “हे मलाही कधी सांगितलं नव्हतं एवढं. आई विषयच काढू द्यायची नाही.”

“का?”

“काय माहीत. घरातलं एखादं भांडण असेल.”

त्यानंतरच्या दिवसांत आबा सकाळी अंगणात येऊन वर बघायचे. वैशाखातलं पांढरं आभाळ. “थांबला वाटतं,” म्हणायचे. मी विचारायची, “काय थांबलं?” तर म्हणायचे, “काय न्हाई, तू जा.” एकदा त्यांनी चहा घेता घेता मला विचारलं, “तिकडं पलीकडं कुणी चहा दिला का?” मला वाटलं शेजारच्यांबद्दल म्हणतायत. मी सगळं पाहत होते, पण माझे डोळे जुईवर होते. तिला दोन दिवस ताप येऊन गेला होता. तो उतरला होता, पण ती अजून मलूल होती आणि मी तिच्या पाण्याच्या घोटांकडे लक्ष ठेवून होते.

ताप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, तिला थोपटता थोपटता माझा डोळा लागला. दोन रात्रींचं जागरण होतं. उठले तेव्हा शेजारी जुई नव्हती. उशीवर तिची टोपी होती.

स्वयंपाकघर, न्हाणी, गच्ची. आबांची खोली उघडी, कपाटाचं दार उघडं. पायरीवर आबांच्या चपला तशाच होत्या. म्हणजे अनवाणी गेले. मी समोरच्या काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या, “आबा गेले की नातीचा हात धरून. निळा शर्ट घातलेला, ऐटीत! मी म्हटलं कुठं, तर म्हणाले मॅच हाय.”

पेठेमागचं मैदान म्हणजे तांबड्या मातीचा उघडा तुकडा. एका कडेला गुलमोहर, बाकी सावली म्हणून नाही. मी पळत गेले. गुलमोहराखाली संपत आणि चार-पाच पोरं बसली होती, हसत होती, एकानं मोबाइल धरला होता.

“वहिनी, हळू! मॅच चाललीया,” संपत म्हणाला. “बसाप्पा रंगूनला हाईत.”

मैदानाच्या अलीकडच्या गोलपुढे आबा मांडी घालून बसले होते. निळी जर्सी पोटावर ताणली गेली होती. डोक्यावर काही नाही. मान ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. आणि समोर, त्या सगळ्या तापलेल्या मातीच्या पलीकडे, दुसऱ्या गोलपुढे एक छोटासा पिवळा ठिपका होता. जुईचा फ्रॉक.

मी आबांकडे गेलेच नाही. सरळ मैदान कापत निघाले. मागून आबांचा आवाज आला, “पोरी, मधनं जाऊ नको, खेळ चालू हाय.” मी वळलेही नाही.

जुईचा चेहरा लालबुंद झाला होता. ओठ सुकलेले, केस कपाळाला चिकटलेले. तिनं आबांसारखीच मांडी घातली होती आणि हात गुडघ्यांवर ठेवले होते.

“आई, हात नको लावू. मी मौंग आहे.”

मी तिच्या कपाळाला हात लावला. तवा. मातीला हात लावला तर तीही तशीच, मग मला कळेना यातला ताप किती आणि ऊन किती.

“ऊठ.”

“नाही. मी उठले तर मी हरणार. आबांनी सांगितलंय, आपण दोघं बसायचं. आबा तिकडे एकटे आहेत.”

“जुई, ऊठ म्हणते ना!”

“आई, प्लीज. थोडंच.”

मी तिच्या दंडाला धरलं आणि खेचलं. जोरात. ती उभी राहिली. एकदा खाली बसायला गेली, मी पुन्हा ओढलं, आणि मग ती रडत रडत माझ्याबरोबर चालू लागली. आपल्या पायांनी. मैदानाच्या कडेपर्यंत ती चालत आली. तिथं आल्यावर मी तिला कडेवर घेतलं आणि गुलमोहराखाली नेऊन तिच्या तोंडावर पाणी मारलं.

पोरांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. “उठला रे, उठला! मौंग उठला! बसाप्पा जिंकला!” संपत टाळ्या वाजवत उभा राहिला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याचे डोळेही भरले होते. “आबा, झालं! करंडक आपला! उठा आता!”

आबा लगेच उठले नाहीत. हात कपाळावर आडवा धरून ते पलीकडच्या गोलकडे बघत राहिले. मग त्यांनी एक हात जमिनीवर टेकला, दुसरा टेकला, आणि उठले. कुणाकडेही न पाहता ते मैदानभर चालत गेले. पोरांच्या शिट्ट्या हळूहळू थांबल्या. जुई बसली होती तिथं जाऊन आबा वाकले आणि त्यांनी त्या जागेवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. एवढ्या लांबून शब्द ऐकू आले नसते, पण मैदानात आता कुणीच बोलत नव्हतं.

“गेलास व्हय रं?” आबा म्हणाले.

घरी ते माझ्यामागून शहाण्यासारखे आले. पाय पोळले होते, मी मलम लावलं, त्यांनी लावू दिलं. जुईला ताप नव्हता. तिन्ही थर्मामीटर लावून पाहिले. ऊन लागलं होतं, लिंबाचं सरबत पिऊन संध्याकाळपर्यंत ती खेळायलाही लागली. मी देवाजवळ दिवा लावला. आबांनी जर्सी काढून घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

“ही परत करायची.”

“कुणाला, आबा?”

“ज्यांची हाय त्यांना. मॅच झाली.”

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. अंगणात आले नाहीत, वर पाहिलं नाही. रणधीर म्हणाला, “उन्हाचा त्रास, दोन दिवसांत येतील ताळ्यावर.” संपत हार आणि पेढे घेऊन आला आणि पहिल्यांदाच त्यांना ‘हिंदुरावदादा’ म्हणाला. आबांनी त्याला विचारलं, “आपण कोण?” संपतला थट्टा वाटली. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तो पेढ्यांचा पुडा ठेवून निघून गेला.

सासूबाई बारसं उरकून आल्या तेव्हा आबा खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. हाक मारली तर वळत, बघत, आणि पुन्हा भिंतीकडे. सासूबाईंनी पिशवीही खाली ठेवली नव्हती.

“मैदानात बसले हुते का?”

मी सगळं सांगितलं. जुई समोर बसली होती हे ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

“तिला उचललीस का उठवलीस?”

“म्हणजे?”

“पोरीला कडेवर उचलून आणलीस का हाताला धरून उठवलीस?”

जुई चार वर्षांची होईपर्यंत मी तिला कुठंही पायी जाऊ दिलं नव्हतं. बाजारात कडेवर, देवळात कडेवर. दवाखान्याच्या पायऱ्या कडेवर. “पोरगीचे पाय गळून पडतील,” म्हणून याच सासूबाई मला टोमणे मारायच्या.

“उठवली,” मी म्हणाले.

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. मग हळूहळू सांगू लागल्या. दोन वर्षांपूर्वी, मी जुईच्या आजारपणात माहेरी राहिले होते तेव्हा, आबा असेच एका दुपारी मैदानात जाऊन बसले होते. कुणाचं ऐकेनात. रणधीर कामावर. पोरं हसत होती.

“मला काय सुचंना. घरी आलो, भाकरी बांधून घेतली, छत्री घेतली, आणि जाऊन बसलो पलीकडच्या गोलपुढं. ह्या वयात, पदर डोक्यावर घेऊन. सगळी पेठ बघत हुती. बसलो तशीच. ऊन कलल्यावर लांबनं वरडून म्हटलं, अहो, भूक लागलीया. दोघं एकदम उठूया का? ह्यांनी मान हलवली. मग एक, दोन, तीन म्हटलं आणि एकदम उठलो. कोण जिंकला न्हाई, कोण हरला न्हाई. मधल्या रेषेवर भेटलो आणि भाकरी खाल्ली.” त्यांनी आबांच्या पाठीवर हात ठेवला. “मला हसशील म्हणून सांगितलं न्हाई गं तवा. रिक्षात बसताना सांगणार हुतो.”

आबा त्यानंतर दिवाळीपर्यंत होते. डॉक्टर म्हणाले की हा आजार असाच पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, आणि एखादी पायरी मोठी असते. त्यांनी शेवटी शेवटी कुणालाच ओळखलं नाही, पण कधी कधी उजव्या भुवईवरून बोट फिरवत राहायचे. स्मरणिका निघाली. माझ्या लेखाखाली संपतनं चौकट टाकली होती, ‘अखेर निकाल लागला’. जर्सी मी दोन ठिकाणी पाठवली, दोन्हीकडून परत आली. त्या स्पर्धेचं म्हणून आता कुणी नाही.

जुई दहा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात, शाळेची चप्पल घालता घालता, माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, “आई, मी हरले म्हणून आबा झोपून राहिले ना?” मी म्हटलं, नाही गं बाळा. तिनं “बरं” म्हटलं. तिला पटलं नव्हतं, मला कळतं. तेव्हापासून मी तिच्या कपाळाला हात लावला की ती मान मागे घेते.

मी रंगूनच्या त्या मौंगला शोधतेय. तिकडे चार-दोन पत्रं पाठवली. एका बाईंनी उत्तरात कळवलं की मौंग हे नाव नव्हे, तिकडे तरुण पोराला सगळेच मौंग म्हणतात. धाकटा भाऊ, असा अर्थ. म्हणजे आबांना त्याचं नाव कधी कळलंच नव्हतं. तिकडची हालत अलीकडे बरी नाही असंही त्यांनी लिहिलं होतं. नंतर त्यांचंही पत्र आलं नाही.

तुमच्यापैकी कुणी कामाधंद्यानं यांगूनला जात असेल, जुन्या रंगूनला, तर तेवढं बघाल का? सत्तरीचा म्हातारा असेल. डाव्या भुवईवर वण, भुवई मधोमध दुभंगलेली. घरच्यांना विचारा, हे मैदानात जाऊन बसतात का. इकडचं काही सांगू नका. आणि बसलेला सापडला तर त्याला हाताला धरून उठवू नका. पाणी द्या, डोक्यावर काहीतरी धरा, आणि पलीकडच्या गोलपुढे जाऊन बसा. उठायचं झालं तर आधी त्याला विचारा. दोघं एकदम उठा.